डावा जुना, उजवा नवा

ये गं बाई, जरा जवळ सरकून बस. तू तिकडं पुण्यात हॉस्टेलवर आणि मी इकडं कोल्हापुरात मंगळवार पेठेत, ते माहीत आहे मला. पण कागदावर कुणालाही जवळ बसवून घेता येतं. आणि मला तुला थोडं रागवायचं आहे. लांबून रागवलं की ओरडल्यासारखं होतं, म्हणून जवळ.

परवा तुझा बाप राजारामपुरीतल्या दुकानात उभा राहून मला फोन करतो. मावशी, पोरीला आर्किटेक्चरला भारीतला लॅपटॉप लागतोय. एक गेल्या सालचं मॉडेल आहे, जाड आणि दणकट. एक यंदाचं आहे, पातळ. कुठला घेऊ? आपल्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी म्हातारी मी एकटीच, त्यामुळं मला विचारलं याचं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, थांब, जी त्याच्यावर काम करणार आहे तिला विचारते. तुला फोन लावला. आणि तू काय म्हणालीस?

"कुठलाही चालतंय की, आजी."

तुझा तरी काय दोष. कोल्हापूरची पोर तू, हे बोलणं आपल्याकडं दुधाबरोबरच पोटात जातं. पावणं न सांगता आलं, चालतंय की. रश्शात मीठ कमी पडलं, चालतंय की. त्यात मोठं मन आहे, ते मलाही कळतं. पण मी अशा एका माणसाच्या हाताखाली काम केलंय, ज्याच्यासमोर हे बोलायची सोय नव्हती. ते आज असते ना, तर त्यांनी तुझ्या फोनमधून हात बाहेर काढला असता.

तो हात कसला, ते आधी सांगते.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. शिरोली एमआयडीसीत त्यांचं पॅटर्नचं वर्कशॉप होतं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना बघ. फौंड्रीत तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, मागं वाळूत त्याचा आकार राहतो, त्यात लोखंडाचा रस ओतला की वस्तू झाली. म्हणजे नमुन्यात चूक राहिली तर त्या नमुन्यावरून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूत तीच चूक. म्हणून सरांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. कुणी म्हटलं, सर, हा कोपरा जरा गोल घेतला, की सरांचा हात पुढं. तळवा वर. डॉक्टर कसा मान न वळवता कात्री मागतो, तसा.

"कारण?"

एवढंच. कारण मिळालं की हात मागं जायचा. नाही मिळालं तर हात तसाच, समोरच्याचा चहा गार होईपर्यंत.

आणि हे काय वर्कशॉपपुरतं नव्हतं. मंडईत भाजीवाली म्हणाली, घ्या की सर, आज वांगी झकास हाईत, की तिच्यापुढंही हात. ती बिचारी वांगी ठेवायची त्यांच्या हातावर. लग्नात जेवायला बसले की ताट उलटं करून त्याच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवून बघणार. खुर्चीवर बसण्याआधी ती चारी पायांवर टेकते का बघणार, आणि नाही टेकली तर भेटायला आलेल्या माणसाला सोडून खुर्चीशीच बोलत राहणार. लोक हसायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तिला लग्नाकार्यात ह्यांच्या शेजारी बसायची लाज वाटायची. ती सरळ बायकांच्या पंगतीत जाऊन बसायची.

कौतुक करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. पॅटर्न चांगला झाला, मापात बसला, तर ते काही बोलायचे नाहीत. उठायचे, मागच्या नळावर जायचे आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. मग येऊन चहा मागायचे. सरांनी हात धुतले म्हणजे काम पास झालं, हे आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. नाहीतर तो आपला दिवसभर शाबासकीची वाट बघत बसायचा.

चपलांची गोष्ट तर गल्लीत सगळ्यांना माहीत. सर आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडं राहायचे. त्यांना नवीन चपला घ्यायच्या होत्या, आणि दोन कारागिरांपैकी कुणाकडून घ्यायच्या हे ठरत नव्हतं. तुझ्या-माझ्यासारखं माणूस दोन्ही दुकानांत पाय घालून बघेल आणि एक घेऊन येईल. सरांनी दोघांकडून एकेक जोड आणला आणि डाव्या पायात एकाची, उजव्या पायात दुसऱ्याची अशा घालून हिंडायला लागले. एक करकर वाजणारी, एक मुकी. गल्लीच्या तोंडाला सर आले की एक पाय वाजायचा आणि एक नाही. बायका दारातून म्हणायच्या, आले बघ तुझे सर, अर्धे आले. कुणी तोंडावर विचारलं तर म्हणायचे, "दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच अंगाखाली चालल्याबिगर कळतंय व्हय?" शेवटी मुकी ठेवली. कारण विचारायची सोय नव्हती, कारण ते स्वतःच सांगत सुटले, ज्याला त्याला, आठवडाभर.

पण 'चालतंय' या शब्दावर त्यांचा एवढा राग का, ते मला वहिनींनी सांगितलं. एकदा त्यांच्या घरी कशाला तरी गेले होते. दारातून आत जायच्या बोळात एक भलं मोठं सागवानी कपाट उभं. इतकं मधोमध की माणसानं अंग चोरून जायचं. मी म्हटलं, वहिनी, हे इथं कसं? तर म्हणाल्या, "काय सांगू बाई तुला. तुझ्या सरांचं ते देवघर हाय."

झालं होतं असं. लोखंडाचा रस गार होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांकडं वेगळी पट्टी असते. दिसायला साध्या पट्टीसारखी, आकडे तेच, पण प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. सरांनी स्वतःच्या घरातल्या कोनाड्यासाठी कपाट करायला घेतलं. कोनाडा मोजला साध्या टेपनं. लाकूड कापायच्या वेळी टेप सापडेना. हाताशी वर्कशॉपची पट्टी होती. घरचंच तर काम आहे, चालतंय, म्हणाले, आणि त्या पट्टीवर सगळं कपाट केलं. इतकं सुंदर कपाट, बिजागरी दिसत नाही अशी. चौघांनी उचलून कोनाड्याशी नेलं तर बोटभर मोठं. लाकूड काय लोखंडासारखं आकसतंय? वहिनी म्हणाल्या तासून घ्या. नाही. सरांनी ते बोळातच ठेवलं. येता-जाता खांदा लागावा म्हणून. तेव्हापासून त्यांच्यासमोर तो शब्द बंद. दुसऱ्यालाही आणि स्वतःलाही.

आता मी तिथं कशी पोचले? माझे हे गेल्यावर मी काम शोधत होते. शिक्षण दहावी. वहिनींनी शब्द टाकला आणि मला वर्कशॉपच्या ऑफिसात फोन घ्यायला आणि हजेरी लिहायला ठेवलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी मी दारात रांगोळी काढली. गणपती वगैरे सगळे काढतात, मी आपली तिथं भिंतीवर लटकलेल्या एका दातेरी चाकासारखी काढली, गोल, चारी बाजूंनी पाकळ्या. सर आले. वाकले. खिशातून कर्कटक काढला आणि रांगोळी मोजायला लागले. पूजेला आलेली माणसं प्रसाद हातात धरून उभी. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बराच वेळ मोजून उठले आणि म्हणाले, "डावीकडं जरा जास्त हाय." आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून मला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकायला बसवलं. चाळिशी उलटलेली बाई मी. मला माऊस धरता येत नव्हता. त्यांनी शिकवलं असं म्हणता यायचं नाही, कारण त्यांनाही धड येत नव्हतं. त्यांनी मला फक्त बसू दिलं. चुकू दिलं. कुणी हसलं तर त्याला बाहेर काढलं. बाकीचं माझं मी शिकले, पुस्तकातून, व्हिडिओतून, तेच तेच परत करून. आज तू मला लॅपटॉपातलं विचारतेस ती त्या बसू देण्याची पुण्याई आहे.

तर लॅपटॉप. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पंपाचा कारखाना. त्यांनी सांगितलं, यापुढं तुमच्या माणसानं मॉडेल घेऊन आमच्याकडं यायचं, आमच्या इंजिनिअरांसमोर बसून बदल करायचे, इथल्या इथं. म्हणजे ऑफिसातला डबा कॉम्प्युटर उपयोगाचा नाही, दमदार लॅपटॉप पाहिजे. आणि आमचं माणूस म्हणजे मी. जमलं तर डिझाईनची खुर्ची माझी कायमची. तिथं चारचौघांत फजिती झाली, तर परत फोन आणि हजेरी, आणि काम गेलं तर वर्कशॉपचंही अवघड. हे सरांनी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं.

राजारामपुरीत गेलो दोघं. बहुतेक ह्याच दुकानात, जिथं परवा तुझा बाप उभा होता. दुकानदारानं दोन मशीन काढली. एक आदल्या सालचं, जाड, किल्ल्याच्या दारासारखं, सगळ्या वायरींना भोकं, मागं झाकण उघडून आत काही घालता-काढता येईल असं. एक नवं, पातळ, पेपरसारखं उचलावं. सर जाड्याच्या अंगावरून हात फिरवायला लागले तेव्हाच मी ओळखलं त्यांचं मन कुठं आहे ते. दुकानदारानं मला विचारलं, ताई, तुम्हाला कुठलं? आणि माझ्या तोंडून गेलं, "मला जुनं चालतंय की."

सरांनी हात पुढं नाही केला. दुकानाबाहेरच गेले. मी मागनं गेले. फुटपाथवर उभे होते रिक्षांकडं बघत.

बाई गं, मला काय सवय होती सांगू? लहानपणी थोरलीची साडी, ती तुझी आजी. लग्नानंतर जावेनं टाकलेला मिक्सर. फोन दिराचा जुना. कुणी जबरदस्ती केली नव्हती, प्रेमानंच दिलं सगळ्यांनी. पण कुठलं पाहिजे हे मला त्या दुकानातल्या माणसाआधी कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं तर मी हे बोलले.

सर म्हणाले, "ताई, जुनं घ्या न्हाईतर नवं घ्या. मला काय बी वाईट वाटायचं न्हाय. पन दुसऱ्याला नको झालेलं म्हणून घेऊ नका. पैसे कमी पडत असतील तर तसं म्हणा, ते बी कारण हाय. चालतंय, हे कारण न्हाय. ते गप बसणं हाय."

आयुष्यात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

मग आत जाऊन दुकानदाराला म्हणाले, दोन्ही द्या, वापरून बघून एक परत करतो. तो गल्लीतल्या लोकांपैकीच, हसत म्हणाला, "सर, लॅपटॉप हाय, चप्पल न्हाय." सर म्हणाले, "म्हणूनच. चपलंनं नुसता पाय दुखतोय." ओळख जुनी, दिली त्यानं.

टेबलावर डाव्या हाताला जुना, उजव्या हाताला नवा. आमच्याकडचं सगळ्यात जड काम, पंपाचं बाहेरचं कवच, गोगलगाईसारखं वळत जाणारं, ते दोन्हींवर उघडलं. जे इकडं करायचं तेच तिकडं. सर मधे स्टुलावर, दोन्ही मशीनच्या बुडाखाली एकेक हात, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. नवा सुरुवातीला पळायचा. मॉडेल फिरवलं की भिरकन फिरायचं. पण तासभर काम झालं की तापायचा, पंखा घोंगावायला लागायचा आणि गडी मंद. जुना आपला एका चालीनं. बटणंही खोल, बोटाला कळणारी. जुन्याच्या पाठीवर सरांची मधेच थाप पडायची. वर्कशॉपमधली सगळी म्हणायला लागली, ताई, जुनाच सांगा, सरांच्या मनात तोच हाय. आणि मलाही पटत चाललं होतं. आता तर माझ्याकडं कारणही होतं. तापत नाही, दमत नाही. मी सांगणारच होते.

तेवढ्यात कारखान्याकडून नवीन फाईल आली, त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरमधली. दोन्हींवर उघडली. जुन्यावर कवच आतून बघायला फिरवलं, तर आत भिंतीला आधाराची एक बारीक उभी पट्टी होती, तिला फासळी म्हणतात, ती दिसेना. परत फिरवलं, दिसली. परत, गायब. मला वाटलं माझे डोळे. चष्मा पुसला. नव्यावर बघितलं तर फासळी जागच्या जागी, कशीही फिरवा. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ताई, जुन्यात चित्र दाखवणारा जो भाग आहे, तो मशीनपेक्षाही जुना, त्याच्यासाठी कंपनीकडून आता नवीन काही यायचं नाही, जेवढं यायचं तेवढं येऊन गेलं.

सरांना जुना आवडला होता. त्यांनी मला खुर्ची दिली, त्यांना नको असलेलं मी कसं सांगू, असं आलं मनात. मग वहिनींच्या बोळातलं कपाट आठवलं.

संध्याकाळी सर आले, उभ्या उभ्या हात पुढं केला. "कुठला?"

"नवा," मी म्हटलं.

हात तसाच. "तापतोय की तो. कारण?"

मी म्हटलं, "सर, तापतो त्याला खाली आपल्याकडच्या लाकडाच्या दोन पट्ट्या लावू, हवा जाईल. मंद झाला तर मी थांबीन, मला थांबायची सवय आहे. पण जुना जी गोष्ट आहे तीच दाखवत नाही. त्या इंजिनिअरांपुढं बसून फासळी नाही असं मी म्हणणार, आणि मला ते खरं वाटत असणार. मला हळू मशीन चालेल... म्हणजे परवडेल. लपवणारं नको."

ते स्टुलावर बसले. जुन्यावर मॉडेल फिरवलं. फासळी गेली. फिरवलं, आली. किती वेळ ते तसंच करत होते. मग नव्यावर. मग परत जुन्यावर, जसं जवळच्या माणसाला शेवटचं विचारावं, खरंच का रे? मला वाटलं आता काहीतरी दुसरं कारण काढतील. पॅटर्नच्या पोरांनी काम थांबवून आमच्याकडं बघायला सुरुवात केली होती.

सर उठले. मागच्या नळावर गेले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग येऊन म्हणाले, "ताईंना पण चहा सांगा."

मी आपली स्क्रीनकडं बघत बसले, कारण मान वर केली असती तर सगळ्यांना दिसलं असतं.

त्या मशीनवर मी कारखान्यात गेले, त्या फासळीवरच पहिल्या दिवशी वाद झाला, आणि मला ती दाखवता आली. पुढं निवृत्त होईपर्यंत ती खुर्ची माझी राहिली. जाडा लॅपटॉप सरांनी परत केलाच नाही, स्वतःसाठी ठेवला. मी कारण विचारलं, हात पुढं करून, तेवढं धाडस आलं होतं एव्हाना. म्हणाले, "मला आता पत्रं टायपायचीत. फासळ्या तुम्ही बघा." मोठं ठोस कारण होतं. पास केलं मी.

सर जाऊन आता बरेच दिवस झाले. वहिनी आहेत. कपाट अजून बोळातच आहे, त्यांनी तासू दिलं नाही. म्हणतात, खांदा लागला की ह्यांची आठवण येते.

म्हणून सांगते बाई, मी तुझ्या बापाला अजून काही सांगितलेलं नाही. दुकानात दोन्ही मशीन बाजूला काढून ठेवायला लावलीत. जुना घे, नवा घे. तुला बापाच्या खिशाची काळजी वाटत असेल, आणि मला वाटतं तेच आहे, तर ते तोंडानं बोल, त्यात काही कमीपणा नाही. पण कुठलाही, असं म्हणू नकोस. इतक्या लोकांनी बसायला जागा दिली म्हणून आपण बसलोय, तर काय पाहिजे ते तरी आपण नीट सांगावं.

आणि हे फोनवर सांगू नकोस. येत्या सुट्टीत ये. कॉलेजचं तुझं सगळ्यात जड ड्रॉइंग पेनड्राइव्हमध्ये घालून आण. आपण दोघी राजारामपुरीत जाऊ, दोन्ही घरी आणू, डाव्या हाताला जुना, उजव्याला नवा. त्या लाकडाच्या पट्ट्या माझ्याकडं अजून आहेत. मी समोर बसून हात पुढं करीन. तू कारण सांग. पटलं की मी उठेन, कोपरापर्यंत हात धुवेन आणि आपल्या दोघींना जेवायला वाढीन. पण लवकर ये.